डॅनिश पेस्ट्री घरी करताना सगळं बटर ट्रेमध्ये का वाहून जातं?

आपल्याकडे बेकरीत जाऊन 'एक पेस्ट्री द्या' म्हटलं की समोर येतो केकचा तिकोनी तुकडा. वर क्रीम, क्रीमवर अर्धी चेरी. त्यामुळे 'डॅनिश पेस्ट्री' म्हटल्यावर हा डेन्मार्कचा एखादा केक असणार असंच बऱ्याच जणांना वाटतं.

तर हा केक नाही. हा थरांचा, यीस्टवर फुगवलेला, बटरनं भरलेला गोडसर पाव आहे. बाहेरून खारीसारखा कुरकुरीत, आतून मऊ आणि जाळीदार, मधोमध कस्टर्ड किंवा जॅम.

सध्या इन्स्टावर याचे रील्स भरपूर फिरतात. पिठाचा चौकोन, चार कोपरे मध्ये दुमडले, एक चमचा कस्टर्ड, ओव्हनमध्ये टाकलं, फुगलं, झालं. तीस सेकंदांत काम तमाम. मग आपण उत्साहानं अर्धा किलो बटर आणतो, दिवसभर खपतो आणि ओव्हनचं दार उघडल्यावर दिसतं ते ट्रेमध्ये साचलेलं बटरचं तळं आणि त्यात तळून निघालेले चपटे पाव. मी पहिल्यांदा हा उद्योग मे महिन्यात केला होता. ट्रेमधलं बटर वाटीत ओतून घेतलं, त्यावर पुढे आठवडाभर पोळ्या खाल्ल्या.

चूक रेसिपीत नव्हती. चूक तापमानात होती, आणि रीलमध्ये तेवढंच दिसत नाही.

डेन्मार्कमध्ये तिला डॅनिश म्हणतच नाहीत

तिथे हिचं नाव 'विनरब्रोड', म्हणजे व्हिएन्नाचा पाव. याची गोष्ट अशी सांगतात की 1850 साली डेन्मार्कमधल्या बेकरी कामगारांनी संप केला. मालकांनी बाहेरच्या देशांतून कारागीर आणले, त्यात ऑस्ट्रियाचे बरेच होते. या मंडळींना पिठात बटरचे थर घालण्याची पद्धत येत होती. संप मिटला, डॅनिश कामगार परत आले आणि त्यांनी तीच पद्धत उचलून आपल्या पद्धतीनं बदलली. नाव मात्र व्हिएन्नाचंच राहिलं. आणि खुद्द व्हिएन्नात याच प्रकाराला काय म्हणतात? 'कोपनहेगनर प्लुंडर', म्हणजे कोपनहेगनवाली. दोन्ही शहरं एकमेकांकडे बोट दाखवतात.

चार कोपरे दुमडून मध्ये कस्टर्ड किंवा जॅम घालतात त्या आकाराला डेन्मार्कमध्ये 'स्पॅन्डॉवर' म्हणतात. गमतीनं त्याला 'बेकरचा बिघडलेला डोळा' असंही नाव आहे. पांढऱ्या आयसिंगमध्ये पिवळा किंवा लाल गोळा बघितला की नाव का पडलं ते कळतं. घरी पहिल्यांदा करायला हाच आकार सोपा, म्हणून इथे त्याचीच पद्धत बघू.

चिरोटे येत असतील तर निम्मं काम येतं

चिरोटे करताना आपण पोळीवर साटा लावतो. तूप आणि तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर फेसून केलेला साटा पोळ्यांना एकमेकींना चिकटू देत नाही. तळताना पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती थर उचलते आणि पापुद्रे सुटतात.

डॅनिशमध्येही तत्त्व तेच. फक्त साट्याच्या जागी बटर, आणि ते लावायचं नाही, तर त्याची अख्खी लादी पिठात गुंडाळून लाटायची आणि घडी घालायची.

मग तूप का नाही चालत? कारण तुपात पाणी नसतं. आपल्या टेबल बटरमध्ये किमान 80 टक्के स्निग्धांश असतो आणि साधारण 16 टक्क्यांपर्यंत पाणी. ओव्हनमध्ये या पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या हजारपटीहून जास्त जागा लागते. वरचा थर ती वर ढकलते. त्याच वेळी यीस्टचा वायू प्रत्येक थर आतून फुगवत असतो. खारीच्या पिठात यीस्ट नसतं, म्हणून खारीचा नुसता चुरा होतो आणि डॅनिश आत मऊ राहते.

घरचं लोणी वापरू का, हा प्रश्न हमखास येतो. नको. त्यात पाणी किती राहिलंय याचा भरवसा नसतो, आणि ते पटकन विरघळतं. लोण्याचं तूपच करा.

आता हिशेब बघा. बटरचा एक थर पिठात बंद केला. लाटून तीन पदरी घडी घातली की बटरचे 3 थर. पुन्हा तीच घडी, 9. तिसऱ्यांदा, 27. डॅनिशला एवढे पुरतात. अजून घड्या घातल्या तर थर इतके पातळ होतात की बटर पिठात मुरून जातं आणि हातात येतो ब्रिओशसारखा साधा बटरचा पाव.

हे 27 थर शेवटपर्यंत वेगळे राहायला हवेत. अख्खा खेळ एवढाच आहे, आणि इथेच आपलं स्वयंपाकघर आडवं येतं.

बटर 13 ते 18 अंश सेल्सियसला मातीसारखं असतं: वाकतं, पसरतं, पण वितळत नाही. त्याहून थंड असेल तर लाटताना त्याचे तुकडे पडतात आणि थर जागोजागी तुटतो. 20-22 अंशांच्या पुढे ते इतकं मऊ होतं की पिठात शिरायला लागतं. तिशीच्या घरात ते विरघळतंच. कोपनहेगनच्या बेकरला खोलीत जे आयतं मिळतं ते नागपूरच्या एप्रिलमध्ये एसीशिवाय मिळणार नाही. दुपारी 36 अंशांत ओट्यावर ठेवलेलं बटर तुम्ही लाटणं शोधेपर्यंतच हात टेकतं.

मग आपल्या बेकऱ्यांमध्ये उन्हाळ्यात खारी कशी होते? बऱ्याच ठिकाणी थरांसाठी खास मार्जरीन वापरतात, जे शरीराच्या तापमानापेक्षाही वर वितळतं. कामाला सोपं, पण खाताना टाळूला मेणासारखा चिकटा राहतो तो त्याचाच. डॅनिशमध्ये बटर तोंडात विरघळण्यातच सगळी मजा आहे, त्यामुळे माझं मत विचाराल तर मार्जरीननं करायचीच असेल तर खारी करा.

सोपा उपाय म्हणजे डिसेंबर-जानेवारी निवडा. तेव्हा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही बाजारात असते. एरवी एसीची खोली किंवा पहाटेची वेळ.

पीठ

बारा नगांसाठी 250 ग्रॅम मैदा, 30 ग्रॅम साखर, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, एक अंडं, 100 मिली फ्रीजमधलं थंड दूध आणि 20 ग्रॅम मऊ बटर. थरांसाठी वेगळं 150 ग्रॅम बटर. बटर बिनमिठाचं असेल तर पिठात 4 ग्रॅम मीठ घाला. नेहमीचं पिवळं खारं बटर असेल तर चिमूटभरच, कारण त्यात मीठ आधीच आहे.

दूध थंडच हवं. पाव करताना कोमट दुधात यीस्ट फुलवायची आपल्याला सवय असते, इथे ती विसरा. यीस्ट आत्ता कामाला लागायला नकोय. लाटताना पीठ फुगत राहिलं तर थर ओढले जाऊन फाटतात.

पीठ पाच-सहा मिनिटं मळा, पुरीच्या पिठापेक्षा थोडं सैल. फार मळू नका, पुढे तीनदा लाटताना ते आपोआप मळलं जाणार आहे. चपटं करून, झाकून फ्रीजमध्ये दोन तास. रात्रभर ठेवलं तर चव जास्त चांगली येते.

अंडं खात नसाल तर त्याऐवजी अंदाजे 40 मिली दूध वाढवा. रंग थोडा फिका येतो, थरांना काही होत नाही.

बटरची लादी

150 ग्रॅम बटर बेकिंग पेपरमध्ये ठेवून लाटण्यानं ठोका आणि 15 बाय 15 सेंटिमीटरचा सारखा चौकोन करा. फ्रीजमध्ये ठेवा. वापरायच्या आधी बाहेर काढून पेपरसकट ओट्याच्या कडेवर वाकवून बघा. कट्कन मोडलं तर अजून दोन मिनिटं थांबा. न मोडता वाकलं की लगेच घ्या. बोट सहज आत गेलं तर परत फ्रीजमध्ये.

या एका परीक्षेवर मी रेसिपीतल्या सगळ्या ग्रॅम-मिलीपेक्षा जास्त भरवसा ठेवते. बटर आणि पीठ, दोन्ही सारख्याच कडकपणाचे असले तर लाटण्याखाली ते बरोबरीनं पसरतात. एक कडक आणि एक मऊ असेल तर मऊ पुढे पळतं, कडक मागे राहतं.

आपला ग्रॅनाइटचा ओटा इथे कामाला येतो. लाटायच्या आधी बर्फानं भरलेलं मोठं ताट त्यावर दहा मिनिटं फिरवत ठेवा आणि ओटा कोरडा पुसा. पोळपाट लहान पडतो, थेट ओट्यावरच लाटा.

पीठ 16 बाय 32 सेंटिमीटर लाटा. अर्ध्या भागावर बटरची लादी, उरलेला अर्धा त्यावर दुमडा, तिन्ही कडा करंजीसारख्या दाबून बंद करा. आता लांबट, साधारण 15 बाय 45 लाटा. लाटणं मागे-पुढे रगडू नका. आधी जागोजागी हलक्या हातानं दाबून घ्या, मग लाटा. पत्राच्या कागदासारखी तीन पदरी घडी घाला. झाकून फ्रीजमध्ये 40 मिनिटं. बाहेर काढून पाव वळसा फिरवा, म्हणजे उघडी कड तुमच्याकडे येईल, आणि परत तेच. असं एकूण तीनदा.

मध्येच बटर वर दिसायला लागलं, पीठ ओट्याला चिकटलं, तर हट्टानं पुढे जाऊ नका. चिमूटभर मैदा भुरभुरा आणि अर्धवट लाटलेलंच फ्रीजमध्ये टाका. वीस मिनिटांचा उशीर परवडतो. वितळलेलं बटर परत गार केलं तरी थर परत येत नाहीत.

आत काय भरायचं

इथे बहुतेक जण घसरतात, कारण सारण म्हणजे जे आवडतं ते, असं आपण धरून चालतो. पण ओव्हनमध्ये 200 अंशाला पातळ सारण उकळतं, वाहतं आणि खालचं पीठ ओलं ठेवतं. वरून सोनेरी, खालून कच्ची डॅनिश होते ती अशी.

कस्टर्डसाठी 250 मिली दूध, दोन अंड्यांचे बलक, 50 ग्रॅम साखर, 20 ग्रॅम कॉर्नफ्लोअर. बलक, साखर, कॉर्नफ्लोअर फेटा, गरम दूध हळूहळू ओता, परत गॅसवर ठेवून सतत ढवळा. घट्ट झालं की आपण घाबरून गॅस बंद करतो. करू नका. बुडबुडे यायला लागल्यावरही पुरतं एक मिनिट ढवळत राहा. बलकात स्टार्च मोडणारं एक एन्झाइम असतं. ते उकळून मेलं नाही तर फ्रीजमध्ये घट्ट वाटणारं कस्टर्ड काही तासांत परत पातळ होतं. दोष मग कॉर्नफ्लोअरच्या कंपनीला दिला जातो.

बिनअंड्याचं हवं असेल तर बाजारातली कस्टर्ड पावडर चालते, ती मुळात रंग-वास घातलेलं कॉर्नफ्लोअरच आहे. फक्त पाकिटावर लिहिलंय त्याच्या दीडपट घ्या. फ्रूट कस्टर्डचं पातळ कस्टर्ड इथे उपयोगाचं नाही. चमचा उलटा केला तर पडू नये इतकं घट्ट हवं, आणि पूर्ण गार.

डेन्मार्कचे बेकर कस्टर्डखाली आणखी एक थर देतात, 'रेमोन्स'. बटर, साखर आणि बदामाची पूड समान घेऊन फेसायचं. 50-50 ग्रॅम पुरतं. चव तर येतेच, शिवाय कस्टर्डचं पाणी थेट पिठात उतरत नाही. एक सपाट छोटा चमचा, जास्त नको.

आपल्या घरातलं काय चालेल? साखरआंबा उत्तम, पण फोडी पाकातून निथळून घ्या. आमरस तसाच घालू नका, कढईत आटवून जॅमइतका घट्ट करा. स्ट्रॉबेरीचंही तेच: ताजी स्ट्रॉबेरी भाजताना पाणी सोडते, म्हणून आत शिजवलेला घट्ट जॅम आणि ताजे काप भाजल्यानंतर वरून. चीज डॅनिशसारखं हवं तर चक्का वापरता येतो. शंभर ग्रॅम चक्क्याला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर आणि दोन चमचे पिठीसाखर, ऐनवेळी कालवून. श्रीखंड मात्र नको. साखरेनं चक्का सैल होतो हे श्रीखंड करणाऱ्यांना सांगायला नको, ओव्हनमध्ये ते सरळ वाहून जाईल.

आकार, फुगवणं, भाजणं

शेवटच्या घडीनंतर तासभर फ्रीजमध्ये ठेवलेलं पीठ 30 बाय 40 सेंटिमीटर लाटा. जाडी चार मिलिमीटरच्या आसपास येईल. धारदार सुरीनं सरळ दाबून 10 सेंटिमीटरचे बारा चौकोन कापा. सुरी ओढू नका, कडेचे थर एकमेकांना चिकटतात. मध्ये रेमोन्स, चारही कोपरे मध्यावर आणून बोटानं ट्रेला टेकेपर्यंत दाबा. हळुवार दाबलेले कोपरे ओव्हनमध्ये फुलासारखे उघडतात. दिसायला वाईट नाही, पण कस्टर्ड सांडतं.

आता फुगवायला ठेवायचं, आणि माझी मे महिन्यातली बॅच इथेच मेली होती. पाव फुगवायला आपण उबदार जागा शोधतो. डॅनिशला 24 ते 26 अंश हवेत, त्याहून जास्त अजिबात नको. दिवा लावलेला ओव्हन, गरम पाण्याचं भांडं, गच्चीवरचं ऊन, यातलं काहीही केलं तर भाजायच्या आधीच 27 थर वाहून जातात. थंडीत खोलीतच झाकून दीड-दोन तास. उन्हाळ्यात एसी 24 वर.

कंटाळून लवकर भाजू नका, कारण कमी फुगलेल्या पिठातूनही बटर गळतं. यीस्टनं जाळी केलेली नसते, मग वितळलेल्या बटरला धरून ठेवायला आत जागाच नसते. ट्रे हलवल्यावर तुकडे जेलीसारखे थरथरले आणि कडेला थर उघडे दिसायला लागले की तयार.

मधला भाग चमच्याच्या मागच्या बाजूनं पुन्हा दाबून खळगा करा, त्यात एक मोठा चमचा कस्टर्ड किंवा त्याच्या निम्मा जॅम. कडांना फेटलेलं अंडं किंवा दूध लावा, पण कापलेल्या बाजूंवर ओघळू देऊ नका, थर तिथे चिकटून बसतात.

ओटीजी 200 अंशाला निदान पंधरा मिनिटं तापवलेला हवा. इथे उलटी घाई लागते: वाफ लवकर व्हायला हवी आणि पीठ लवकर सेट व्हायला हवं. ओव्हन कोमट असेल तर बटर आधी वितळतं, वाफ नंतर होते, आणि परत तेच तळं. दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या कप्प्यात, दहा मिनिटं 200 वर, मग 180 वर आणखी आठ-दहा मिनिटं. बऱ्याच ओटीजीचा काटा खरं सांगत नाही, त्यामुळे आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतला तर पैसे वाया जात नाहीत. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शन मोडवर जमतं. कुकरमध्ये मीठ घालून करायचे व्हिडिओ आहेत, पण वरून उष्णता नाही म्हणजे वरचे थर पांढरेच राहतात. त्यात 150 ग्रॅम बटर घालवू नका.

रंग बिस्किटासारखा फिका असताना काढू नका, गडद सोनेरी होऊ द्या. एक तुकडा उचलून बूड बघा, ते तपकिरी आणि कोरडं हवं. ट्रेवर बटरचे चार थेंब दिसले तर ते चालतं, सगळ्यांच्याच होतं. तळं दिसलं तर वर गेलेल्या तीन जागा आठवा: लाटताना मऊ पडलेलं बटर, फुगवतानाची ऊब, किंवा न तापलेला ओव्हन.

गार झाल्यावर 60 ग्रॅम पिठीसाखरेत दोन छोटे चमचे दूध किंवा लिंबाचा रस कालवून कडेनं धार सोडा. गरमवर सोडली तर आयसिंग पाणी होऊन उतरते.

बारा एकदम संपणार नसतील तर निम्मे चौकोन दुमडून झाल्यावर, फुगवायच्या आधीच, ट्रेवर सुटे ठेवून फ्रीझरमध्ये कडक करा आणि मग डब्यात भरा. हवे तेव्हा रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, सकाळी खोलीत फुगवून भाजायचे. भाजलेली डॅनिश दुसऱ्या दिवशी ओटीजीत 160 अंशाला पाच मिनिटं ठेवली की परत कुरकुरीत होते. मायक्रोवेव्हमध्ये तीच चामट होते.